चारचौघांचे भय : सजगता आणि गटोपचार

परिपाठाला उभे राहून दिनविशेष वाचणे हे काम फार तर अर्ध्या मिनिटाचे. तारीख, त्या दिवशी घडलेल्या दोन-तीन घटना, एखाद्या महामानवाची जयंती वा स्मृतिदिन, आणि शेवटी 'धन्यवाद'. निवासी शाळेत आयुष्य घालवलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. प्रत्येक वर्गात दोन-तीन मुले अशी असतातच, की ज्यांची पाळी आली की त्या सकाळी नेमके पोट दुखते. गृहपाल त्यांना ओवा-मीठ देतात, वर्गशिक्षक 'नाटकी' म्हणतात, आणि मैदानावर दुसरेच कुणीतरी दिनविशेष वाचून मोकळे होते.

मी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत दुसऱ्या एका शाळेत होते. तेथे आठवीत एक मुलगी होती. इतिहासाची तिची उत्तरपत्रिका मी इतर वर्गांत वाचून दाखवीत असे. तोंडी मात्र तिला एक प्रश्न विचारला, तर ती बाकाकडे पाहत राही. तिचा बुजरेपणा मोडायचा म्हणून मी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात, पूर्वसूचना न देता, तिचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले. ती आली. हातातला कागद इतका थरथरत होता, की त्याचा आवाज ध्वनिक्षेपकातून सर्वांना ऐकू आला. कुणीतरी हसले, मग बरेच जण हसले. एक शब्द न उच्चारता ती उतरली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वसतिगृहात परतली नाही. वडील येऊन दाखला घेऊन गेले. मी चांगल्या हेतूने वागले होते, हे खरे. पण हेतू चांगला असल्याने परिणाम बदलला नाही.

ते शल्य मनात होते म्हणूनच पुढे मी या विषयाचे वाचन सुरू केले. मी इतिहासाची विद्यार्थिनी. मानसशास्त्रात माझा अधिकार नाही, हे आधीच सांगते. परंतु एक प्रश्न मला सतत छळत आला. आपल्यासारख्या संस्थांतून सायंकाळच्या वंदनेनंतर मुलांना आनापानासाठी बसवले जाते. महाराष्ट्रातील शासकीय शाळांतूनही 'मित्र उपक्रम' या नावाने हा अभ्यास पोहोचला आहे. श्वासावर लक्ष ठेवण्याच्या या साधनेने त्या मुलीचे भय गेले असते काय? की तिला आणखी कशाची गरज होती? आश्चर्य असे, की हा प्रश्न केवळ चर्चेचा राहिलेला नाही. गेल्या दोन दशकांत कॅनडा व अमेरिकेत त्याची प्रत्यक्ष प्रयोगाने परीक्षा झाली आहे.

प्रथम आजाराविषयी. लाजणे हा आजार नव्हे. नव्या माणसासमोर संकोच वाटणे, भाषणापूर्वी घसा कोरडा पडणे, हे बहुतेकांच्या वाट्याला येते. पण आपल्याकडे पाहिले जात आहे, आपले मोजमाप होत आहे, आणि आपण आता हास्यास्पद ठरणार, ही भीती इतकी दाटते की माणूस वर्गात हात वर करीत नाही, बँकेच्या खिडकीशी जात नाही, चारचौघांत जेवत नाही, आणि महिनोन्‌महिने हे असेच चालते. तेव्हा त्याला सामाजिक चिंताविकृती म्हणतात. ही अवस्था नवी नाही. रॉबर्ट बर्टन या इंग्रज लेखकाने १६२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विषादावरील प्रचंड ग्रंथात, अपमान होईल या धास्तीने घराबाहेर न पडणाऱ्या माणसाचे वर्णन आहे. फ्रान्समध्ये पिएर जाने याने विसाव्या शतकाच्या आरंभी या भयाला स्वतंत्र नाव दिले. १९६० च्या दशकात लंडनमध्ये आयझॅक मार्क्स यांनी इतर भयगंडांपासून ते वेगळे काढले. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याला जागा मिळाली ती मात्र १९८० साली, आणि १९८५ मध्येही मायकेल लिबोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांना हा दुर्लक्षित विकार आहे असेच म्हणावे लागले. दुर्लक्ष होण्याचे कारण उघड आहे. हा रोगी तक्रार करीत नाही. तक्रार करायची तर कुणाच्या तरी समोर जावे लागते!

अमेरिकेतील मोठ्या सर्वेक्षणात सुमारे १२ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार झाल्याचे आढळले, आणि त्याची सुरुवात होण्याचे मध्यम वय १३ च्या आसपास निघाले. तेरा म्हणजे आपली सातवी-आठवी. ज्या वयात आपण मुलांना घरापासून तोडून दोनशे अनोळखी मुलांच्या पंगतीत बसवतो, नेमके तेच वय.

हे भय टिकून कसे राहते, याचे विवेचन डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : भयग्रस्त माणूस लोकांत गेला की त्याचे लक्ष लोकांकडे राहत नाही, ते उलटून स्वतःकडे वळते. छाती धडधडते आहे, चेहरा लाल झाला असेल, आवाज कापतो आहे, या आतल्या खुणांवरून तो आपले एक चित्र तयार करतो, आणि लोकांनाही आपण असेच दिसत आहोत असे गृहीत धरतो. मग बचावाच्या युक्त्या सुरू होतात : मान खाली घालणे, कागद घट्ट धरणे, वाक्य मनात तीनदा घोळवून मगच बोलणे, शेवटच्या बाकावर बसणे. या युक्त्यांचा तोटा दुहेरी आहे. कागद घट्ट धरला की हात अधिकच थरथरतो. आणि प्रसंग निभावून गेला, तरी मन म्हणते, 'युक्तीमुळे वाचलास.' म्हणजे भीती खोटी होती हे कळण्याची संधीच मिळत नाही. शिवाय रात्री अंथरुणावर त्या प्रसंगाची उजळणी होते, आणि प्रत्येक उजळणीत तो प्रसंग मूळच्यापेक्षा वाईट होत जातो. वसतिगृहात रात्रीची फेरी मारणाऱ्यांना, दिवे गेल्यानंतरही उघडे असलेले डोळे ठाऊक आहेत.

या चक्रावर घाव घालणारी पहिली पद्धत म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, ज्याला कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात. तिची मुळे अ‍ॅरन बेक आणि अल्बर्ट एलिस यांच्या कामात आहेत. एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठी वाचकांना अपरिचित नाही. हे एलिस स्वतः तरुणपणी अत्यंत बुजरे होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील वनस्पती उद्यानात, बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी आपण होऊन बोलण्याचा नेम धरला. शंभरेक जणींशी ते बोलले. भेटायचे कबूल केले एकीनेच, आणि तीही आली नाही. पण आकाश कोसळले नाही, ही गोष्ट त्यांना जी कळली ती त्या बागेत कळली, पुस्तकात नव्हे.

सामाजिक भयासाठी या उपचाराचे गटरूप घडवले ते रिचर्ड हाइमबर्ग यांनी, १९८० च्या दशकात, न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी येथे. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. सुमारे सहा रुग्ण, दोन उपचारक, आठवड्यातून एक बैठक, प्रत्येक बैठक अडीच तासांची, अशा बारा बैठका. आरंभीच्या दोन बैठकांत भयाचे तीन धागे सोडवून दाखवतात : शरीराचा, विचाराचा आणि वर्तनाचा. 'सगळे मला हसतील' हा विचार फळ्यावर लिहून त्याची तपासणी कशी करायची हे शिकवतात. सगळे म्हणजे किती? हसतील हे कशावरून? हसले तर पुढे काय? दुसऱ्याच्या मनातले आपल्याला ठाऊक आहे असे धरणे, भविष्य आधीच सांगून टाकणे, एक चूक म्हणजे संपूर्ण पराभव मानणे, या विचारदोषांना नावे देतात.

त्यानंतर खरे काम सुरू होते. त्याच खोलीत प्रसंग उभा केला जातो. एकाला पाहुण्यांशी बोलण्याची भीती, तर गटातले दोघे पाहुणे होतात. दुसरीला सभेत बोलण्याची भीती, तर उरलेले श्रोते होतात. प्रसंगाआधी त्या व्यक्तीचा भयविचार फळ्यावर येतो, त्याला द्यायचे विवेकी उत्तर त्याखाली लिहिले जाते, आणि उद्दिष्ट ठरते. हे उद्दिष्ट 'घाबरायचे नाही' असे कधीच नसते. ते 'तीन प्रश्न विचारायचे' असे मोजता येण्याजोगे असते. प्रसंग चालू असताना ठरावीक अंतराने उपचारक विचारतो, भय शंभरपैकी किती? आकडा चढतो, थांबतो, आणि बरेचदा उतरू लागतो. मग पुढील आठवड्यासाठी बाहेरच्या जगात करण्याचा गृहपाठ. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर ही उत्तम पाठयोजना आहे. पूर्वज्ञान, प्रात्यक्षिक, सराव, स्वाध्याय. काहीच वगळलेले नाही.

ही पद्धत केवळ सहवासाने गुण देते की तिच्या आशयाने, हे पाहण्यासाठी हाइमबर्ग व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ४९ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एका बाजूला गटोपचार, दुसऱ्या बाजूला तेवढाच वेळ माहिती, चर्चा आणि आधार देणारा गट. दोन्ही सुधारले, गटोपचाराचे लोक अधिक सुधारले, आणि त्यांतील ज्यांचा सुमारे पाच वर्षांनी पुन्हा शोध घेता आला, त्यांची प्रकृती तेव्हाही सरस होती. १९९८ मध्ये १३३ रुग्णांवर औषधाशीही तुलना झाली. औषधाचा गुण लवकर दिसला, पण बारा आठवड्यांअखेर प्रतिसाद देणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखे होते.

आता दुसरी पद्धत. येथे आपले नाते अधिक जवळचे आहे. पालीतील 'सति' या शब्दाला इंग्रजीत 'माइंडफुलनेस' हा प्रतिशब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टी. डब्ल्यू. र्‍हिस डेव्हिड्स यांच्या भाषांतरांमुळे रूढ झाला. सति म्हणजे मुळात स्मृती. जे करीत आहोत त्याचे विस्मरण न होणे. सतिपट्ठान सुत्तात तिची चार क्षेत्रे सांगितली आहेत : काया, वेदना, चित्त आणि धम्म. ही साधना १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी, धार्मिक परिभाषा काढून टाकून वापरात आणली. आठ आठवडे, दर आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग, घरी रोज पाऊण तास अभ्यास आणि मध्ये एक पूर्ण दिवसाचे मौन. एक बेदाणा लक्षपूर्वक खाण्यापासून सुरुवात. मग पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीराचे निरीक्षण, बसून श्वासाचे अवधान, सौम्य योगासने. उगमाचे नाव पुसले गेले याची खंत आपल्यापैकी अनेकांना वाटते, मलाही वाटते. पण रुग्णालयाच्या दारात कुणालाही धर्म न विचारता ही साधना दिली गेली, हेही तथागतांच्या शिकवणीशी विसंगत नाही.

या पद्धतीत विचाराशी वाद घालायचा नसतो. 'सगळे मला हसतील' हा विचार आला, तर तो खरा की खोटा हे न तपासता, 'हा एक विचार आला आहे' एवढेच जाणायचे आणि अवधान श्वासाकडे परत आणायचे. छाती धडधडते आहे, तर धडधडू द्यावी. भय घालवायचे नाही. भयाशी चाललेले भांडण थांबवायचे. क्लार्क आणि वेल्स यांच्या विवेचनाशी हे जोडून पाहावे. स्वतःच्या चित्राला चिकटलेले लक्ष सोडवणे, आणि रात्रीची उजळणी तोडणे, या दोन ठिकाणी सजगता नेमकी लागू पडते. परंतु तिच्या मूळ अभ्यासक्रमात पाहुण्यांशी बोलण्याचा किंवा सभेत उभे राहण्याचा एकही पाठ नाही.

तुलनेचे पहिले मोठे पाऊल २००७ चे. कॅनडातील ओटावा येथे डायना कोझिकी व सहकाऱ्यांनी व्यापक सामाजिक चिंता असलेल्या ५३ जणांना चिठ्ठीपद्धतीने दोन उपचारांत विभागले : आठ आठवड्यांची सजगता किंवा बारा आठवड्यांचा गटोपचार. मनःस्थिती, दैनंदिन कामकाज आणि जीवनाची गुणवत्ता दोहोंनी सारखीच सुधारली. पण खुद्द सामाजिक भयाच्या मापावर गटोपचार पुढे राहिला, आणि आजारातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाणही त्यातच अधिक होते. हा निष्कर्ष वाचताना, प्रामाणिकपणे सांगायचे तर, मला थोडे वाईट वाटले. आपल्या घरची वस्तू परीक्षेत दुसरी आली!

२०१३ मध्ये नॅन्सी कोकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी कॅनडातच १३७ जणांवर प्रयोग केला. ५३ जणांना सजगता व स्वीकार यांवर आधारलेला गट, ५३ जणांना पारंपरिक गटोपचार, आणि ३१ जण प्रतीक्षायादीवर. दोन्ही गट प्रतीक्षायादीपेक्षा सरस ठरले, आपापसांत फरक दिसला नाही. हा निकाल पाहून सजगतेचे काही कैवारी हर्षित होतात, पण येथे एक बारकावा आहे. या सजगतागटात नुसते बसणे नव्हते. ज्या प्रसंगांची भीती, त्या प्रसंगांना स्वेच्छेने सामोरे जाण्याचा सरावही त्यात होता. म्हणजे गटोपचाराचा कणा सजगतेच्या अंगात बसवला होता.

तिसरा प्रयोग २०१६ चा, फिलिप गोल्डिन आणि स्टॅनफर्डचे जेम्स ग्रॉस यांचा, आणि लेखकांत स्वतः हाइमबर्गही होते. १०८ जण, प्रत्येकी ३६ च्या तीन गटांत. यावेळी दोन्ही उपचारांना बारा आठवडे दिले, म्हणजे वेळेची तक्रार उरली नाही. भय दोहोंनी सारखेच कमी केले, आणि वर्षभरानंतरही ते टिकले. पण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटल्या त्या पुढच्या दोन गोष्टी. एक, सजगता शिकलेल्यांची विचार नव्याने तपासण्याची सवय वाढली, आणि विचार तपासायला शिकलेल्यांची सजगता वाढली. कागदावर वेगळ्या दिसणाऱ्या या वाटा मनात एकमेकींत मिसळतात. दोन, सूक्ष्म टाळाटाळ, म्हणजे मान खाली घालणे, कागद घट्ट धरणे, या युक्त्या गटोपचारात अधिक सुटल्या.

माझा निष्कर्ष असा : सजगतेने भय हलके होते, पण लपण्याची सवय मोडायला लोकांत यावेच लागते. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेने २०१३ च्या मार्गदर्शनात सजगतेवर आधारलेले उपचार या विकारासाठी सरसकट देऊ नयेत असेच म्हटले होते. प्रौढांसाठी तिने एकास एक बोधात्मक उपचाराला पहिली पसंती दिली, मुलांसाठी मात्र व्यक्तिगत वा गटातला, दोन्ही चालतील असे सांगितले. वर सांगितलेले तिन्ही प्रयोग प्रौढांवरचे आहेत, आणि तेथे शिक्षक नव्हे, प्रशिक्षित उपचारक होते. हे विसरून आपण शाळेत दवाखाना थाटू नये.

पण विचाराशी वाद घालणे हे पाश्चात्त्य, आणि विचाराला नुसते पाहणे हे बौद्ध, ही वाटणी मला मान्य नाही. मज्झिम निकायातील वितक्कसण्ठान सुत्त काढून पाहावे. त्रासदायक विचार आला असता काय करावे याचे पाच उपाय तेथे क्रमाने दिले आहेत. सुतार जाड खुंटी बारीक खुंटीने ठोकून बाहेर काढतो, तसा एक विचार दुसऱ्या कुशल विचाराने काढावा, हा पहिला. त्या विचाराचे दोष तपासावेत, हा दुसरा. त्याकडे लक्ष देऊ नये, हा तिसरा. भरभर चालणारा माणूस स्वतःला विचारतो की मी एवढा धावतो कशाला, आणि सावकाश चालू लागतो, मग उभा राहतो, मग बसतो; तसा विचाराचा वेग उतरवावा, हा चौथा. पाचवा बळाने दडपण्याचा, आणि तो अगदी शेवटी. पहिले दोन उपाय फळ्यावर लिहून विचार तपासण्याच्या किती जवळ आहेत! श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ पद्मल डी सिल्वा यांनी लंडनमध्ये काम करीत असताना १९८० च्या दशकातच हे साम्य पाश्चात्त्य नियतकालिकांत मांडले होते.

याहून महत्त्वाचा संदर्भ अंगुत्तर निकायात, नवक निपातात आहे. तेथे पाच भये मोजली आहेत : उपजीविकेचे, अपकीर्तीचे, परिषदेत बुजण्याचे, मरणाचे आणि दुर्गतीचे. तिसऱ्याचे पाली नाव 'परिससारज्जभय'. सभेत गांगरण्याला मरणाच्या शेजारी बसवणाऱ्या त्या संकलकांना माणसाची परीक्षा होती, असेच म्हटले पाहिजे. या भयांवर मात करणारी बळे चार सांगितली : प्रज्ञा, वीर्य, निर्दोष आचरण आणि संगह, म्हणजे माणसे जोडून ठेवण्याचे बळ. संगहाच्या अंगांत दान, प्रिय वचन आणि हितकर वर्तन यांबरोबर शेवटचे अंग आहे समानत्तता, म्हणजे इतरांशी समानतेने राहणे. सभेच्या भयावर उपाय सांगताना सुत्त एकटे बसण्यापाशी थांबत नाही. ते माणसांमध्ये येते. बाबासाहेबांनीही 'द बुद्ध अँड हिज धम्म' मध्ये धम्म सामाजिक आहे, माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दुसरा माणूस आला की धम्म आलाच, अशी मांडणी केली. विपश्यनेविषयी आपल्या चळवळीत मतभेद आहेत आणि ते या लेखाने मिटणार नाहीत. परंतु डोळे मिटून बसणे हाच धम्म, असे कुणी म्हणत असेल, तर त्याला हे दोन्ही संदर्भ दाखवावेत.

येथे एक अडचण आहे, जी ओटावा किंवा स्टॅनफर्डच्या अहवालांत मला दिसली नाही, आणि जी आपल्याला टाळता येत नाही. गटोपचार विचारतो, 'लोक तुला तुच्छ मानतील, याला पुरावा काय?' आपल्या काही मुलांपाशी पुरावा असतो. आडनाव विचारून झाल्यावर बदललेला चेहरा त्यांनी पाहिलेला असतो. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणाऱ्या भीमरावाला, 'लोक तुला वेगळे लेखतात हा तुझ्या विचारातला दोष आहे' असे सांगणे हा क्रूर विनोद झाला असता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीचा २००७ चा अहवाल वाचला, तर ही गोष्ट गोणपाटाबरोबर संपली नाही हे कळते.

म्हणून आपल्याकडे विचार तपासताना आधी एक वेगळी तपासणी हवी. घडले ते किती, आणि मनाने वाढवले ते किती? तिघांनी हिणवले असेल तर ते सत्य आहे. त्या तिघांचे नाव घ्यावे, तक्रार करावी, गरज पडल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. 'सगळेच हिणवतात, पुढेही हिणवतील, म्हणून मी बोलणारच नाही' हा त्या सत्यावर चढलेला मजला आहे, आणि तपासायचा तो मजला, पाया नव्हे. सजगतेचा धोका याच्या उलट. अपमान झालेल्या मुलाला 'श्वासाकडे लक्ष दे' एवढेच सांगितले, तर आपण त्याला निमूट सोसायला शिकवतो. श्वास स्थिर करायचा तो पुढचे वाक्य नीट बोलता यावे म्हणून. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याकडे जे निघाले ते रांगेने, मिळून निघाले. त्या घटनेला उपचार म्हणणे इतिहासाची थट्टा होईल, आणि मी ती करणार नाही. पण एकट्याने त्या पाण्यापर्यंत जाणे आणि हजारोंबरोबर जाणे यांतला फरक, गटोपचार समजून घेताना मला आठवल्यावाचून राहत नाही.

आम्ही आता काय करतो, ते थोडक्यात. दर सोमवारी शेवटच्या तासाला पाच-सहा मुले ग्रंथालयात जमतात. कोण येणार हे जाहीर होत नाही. 'पुस्तके लावायला' असे म्हणतात. आरंभी दहा मिनिटे आनापान, पण सूचना बदललेली : भय घालवायला बसलो नाही, ते कुठे जाणवते ते पाहायला बसलो आहोत. मग प्रत्येक जण पाच जणांसमोर एक लहान गोष्ट करतो. पहिल्या महिन्यात नुसते नाव आणि गाव. पुढे एक बातमी. पुढे मुद्दाम एक चूक करून वाचणे, कारण चूक झाल्यावर काय होते हे पाहायचे असते. बहुधा काहीच होत नाही. कागद दोन्ही हातांनी धरायचा नाही, टेबलावर ठेवायचा. भय शंभरपैकी किती, ते बोटांनी दाखवायचे. आणि पूर्वसूचनेशिवाय कुणाचेही नाव मैदानावर पुकारायचे नाही, हा नियम मी शिक्षकांच्या बैठकीत मंजूर करून घेतला आहे.

याला मी उपचार म्हणत नाही. ज्याची शाळाच सुटू लागली आहे, जो जेवत नाही, झोपत नाही, किंवा मरणाची भाषा करतो, त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेणे हेच आपले काम. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर, मुलांच्या उंचीवर लावला आहे.

यंदाच्या गटात सहावीतला एक मुलगा आहे. त्याला परिपाठाची भीती नव्हतीच. भीती होती भोजनगृहाची. घास तोंडात नेताना सगळे पाहतात असे त्याला वाटे, म्हणून तो सर्वांत शेवटी, भांडी घासणाऱ्या मावशींच्या बाजूला तोंड करून जेवत असे, आणि आम्हाला वाटे की तो सावकाश जेवणारा आहे. जूनपासून तो दर आठवड्याला एक जागा पुढे सरकतो आहे. मागच्या शुक्रवारी तो तिसऱ्या पंगतीत, मध्ये, मुलांकडे तोंड करून बसला होता. भय किती, असे मी लांबूनच बोटांनी विचारले. त्याने घास खाली ठेवला, चार बोटे दाखवली, आणि पुन्हा घास उचलला.